शौर्याची उतरंड

युद्धपदकांवरील पुस्तके हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. आपल्याकडच्या समीक्षेने त्याची दखल घेतलेली नाही याचे मला आश्चर्य वाटत नाही. जाडजूड कोश, पलटणींचे इतिहास, लिलावांच्या याद्या असे या वाङ्मयाचे स्वरूप. पानावर एक नाव, नावामागे हुद्दा, पुढे पलटण आणि शेवटी अक्षरांची शेपटी : डी.एस.ओ., एम.सी., डी.एफ.सी. त्याखाली चार-सहा ओळींचे सन्मानपत्र. भाषा कोरडी, क्रियापदे ठरलेली. 'स्वतःच्या जिवाची पर्वा न करता' हा शब्दप्रयोग तर इतक्या वेळा येतो की जिवाची पर्वा करणारा माणूस युद्धात गेलाच नसावा असे वाटू लागते. गेले वर्षभर मी दक्षिण आफ्रिकेतील लष्करी अधिकाऱ्यांच्या युद्धसेवेवरचे असे लेखन वाचतो आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, मराठी शिकवतो. वर्गात वर्णभेदाविरुद्धच्या आफ्रिकी कवितेविषयी बोलत होतो, तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हे लोक दुसऱ्या महायुद्धात कोणाच्या बाजूने लढले?" "इंग्रजांच्या बाजूने लढले," असे मी सांगून टाकले आणि पुढे गेलो. माझे उत्तर चुकीचे होते. त्यांना लढू दिलेच नव्हते.

आकडे सरळ आहेत. १९३९ ते १९४५ या काळात दक्षिण आफ्रिकेतून सुमारे ३ लाख ३४ हजार माणसे स्वयंसेवक म्हणून सैन्यात दाखल झाली. त्यांत २ लाख ११ हजार गोरे, ७७ हजार काळे आणि सुमारे ४६ हजार मिश्रवंशीय व भारतीय वंशाचे होते. म्हणजे दर तीन माणसांमागे एक गोरा नव्हता. पण १९१२ च्या संरक्षण कायद्यानेच ठरवून टाकले होते की लढण्याचे कर्तव्य युरोपीय वंशाच्या माणसाचे. काळ्यांसाठी 'नेटिव्ह मिलिटरी कोअर' हे वेगळे दल काढण्यात आले. या दलाने गाड्या चालवायच्या, खंदक खणायचे, स्वयंपाक करायचा, जखमींना उचलून आणायचे, आणि पहारा द्यायचा तो भाला हाती घेऊन. होय, भाला! विसाव्या शतकाच्या मध्यावर, रणगाडे आणि विमाने यांच्या युद्धात. काळ्या माणसाच्या हाती एकदा बंदूक दिली की युद्ध संपल्यावर ती परत घेता येईल, पण बंदूक हाती धरल्याची आठवण परत घेता येणार नाही, ही भीती त्यामागे होती. या दलाचे अधिकारी अर्थातच सगळे गोरे. काळा माणूस फार तर कॉर्पोरल, सार्जंट होणार. त्यापुढचा जिना त्याच्यासाठी बांधलेलाच नव्हता.

येथे पदकांची रचना समजून घेतली पाहिजे, कारण सगळे मर्म तिच्यात आहे. ब्रिटिश साम्राज्यात (आणि दक्षिण आफ्रिकेचे सैन्य त्या काळी त्याच पदकांवर चालत होते) शौर्याला एक पदक नव्हते, उतरंड होती. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर, १८८६ पासून, अधिकाऱ्यांसाठी. मिलिटरी क्रॉस, १९१४ पासून, कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी. शिपाई, नाईक, हवालदार यांनी तेच केले तर त्यांना डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल, हे १८५४ पासून. किंवा मिलिटरी मेडल, हे १९१६ पासून. विमानदलातही तसेच : अधिकाऱ्याला क्रॉस, खालच्याला मेडल. एकाच खंदकात, एकाच रात्री, एकाच गोळीबारात दोन माणसांनी एकच कृत्य केले तरी एकाच्या छातीवर क्रॉस आणि दुसऱ्याच्या छातीवर मेडल. ही विभागणी ब्रिटनने रद्द केली ती थेट १९९३ मध्ये. सर्वांना खुले असे एकच मोठे पदक, व्हिक्टोरिया क्रॉस.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहा. पदक हुद्द्यावर ठरते आणि हुद्दा कातडीच्या रंगावर. त्यामुळे काळ्या शिपायाच्या शौर्याची कमाल मर्यादा त्याने शौर्य गाजवण्यापूर्वीच, किंबहुना तो जन्मण्यापूर्वीच ठरून गेलेली होती. बाबासाहेबांनी ज्या विषमतेला श्रेणीबद्ध म्हटले ती हीच. तिचे वैशिष्ट्य असे की तीत कोणालाही पूर्णपणे वगळलेले नसते. प्रत्येकाला काहीतरी दिलेले असते, आणि ते 'काहीतरी' मिळाल्यावर तक्रार करणारा कृतघ्न ठरतो.

जॉब मासेको या लान्स कॉर्पोरलची हकीकत या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. तो जोहान्सबर्गच्या पूर्वेकडील स्प्रिंग्ज या खाणगावचा. २१ जून १९४२ रोजी लिबियातील टोब्रुक जर्मनांच्या हाती पडले. मेजर जनरल क्लॉपर या दक्षिण आफ्रिकी सेनापतीने शरणागती पत्करली आणि सुमारे ३३ हजार माणसे कैद झाली. त्यांत एक तृतीयांश दक्षिण आफ्रिकेची. आपल्याकडच्या वाचकाला हे दूरचे वाटू नये म्हणून सांगतो की त्याच टोब्रुकात अकरावी भारतीय ब्रिगेडही पकडली गेली आणि तिच्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन होती. सातारा-रत्नागिरीकडची पोरे आणि स्प्रिंग्जचा मासेको एकाच दिवशी एकाच काटेरी तारेआड गेले.

जर्मनांनी काळ्या कैद्यांना बंदरात माल उतरवायला लावले. मासेकोने तेथे कंडेन्स्ड मिल्कचा एक रिकामा डबा मिळवला, काडतुसांतली दारू काढून त्यात भरली, लांब वात जोडली. महिनाभराने, सोबत्यांनी पहारेकऱ्यांना बोलण्यात गुंतवून ठेवले असताना, त्याने तो डबा मालाने भरलेल्या जर्मन बोटीच्या तळात पेट्रोलच्या पिंपांमध्ये ठेवला, वात पेटवली आणि बाहेर पडला. बोट बुडाली. पुढे तो कैदेतून निसटला आणि वाळवंटातून पायी चालत आपल्या सैन्यापर्यंत पोचला.

त्याला मिलिटरी मेडल मिळाले. सन्मानपत्रात त्याची कल्पकता, त्याचा निर्धार आणि शत्रूच्या शिक्षेची वा स्फोटाची भीती न बाळगण्याचा गुण यांची नोंद आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचले. त्यात एकही शब्द उणा नाही. शत्रूचे जहाज बुडवणाऱ्या अधिकाऱ्याला जी विशेषणे लागतात ती सगळी तेथे आहेत. फरक विशेषणांत नाही. फरक शेवटच्या ओळीत आहे, जेथे पदकाचे नाव येते. समीक्षक म्हणून मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. भाषा उदार असते. तिला उदार होण्याला काही पडत नाही. व्यवस्थेचा हात आखडतो तो देण्याच्या वेळी. आपल्या गुणांचे वर्णन ऐकून हरखून जाणाऱ्या आपल्यातल्या लेखकांनी हे सन्मानपत्र एकदा जरूर वाचावे.

नेव्हिल लुईस हा दक्षिण आफ्रिकेचा पहिला अधिकृत युद्धचित्रकार. त्याने मासेकोचे तैलचित्र काढले. त्याने पुढे आपल्या आठवणींत लिहिले की मासेकोची शिफारस व्हिक्टोरिया क्रॉससाठी झाली होती, पण तो आफ्रिकन असल्यामुळे त्याला खालचे पदक देण्यात आले. या विधानावर बराच वाद आहे. शिफारशीचा कागद दाखवा असे पदककोशकार म्हणतात. मला हा वाद काहीसा चुकीच्या जागी चाललेला वाटतो. समजा, तशी शिफारस झालीच नव्हती. मग काय सिद्ध झाले? इतकेच, की अन्याय वरच्या टेबलावर झाला नाही, खालच्या टेबलावर झाला. शिफारस नाकारण्याची वेळच आली नाही, कारण ती करावी असे कोणा अधिकाऱ्याच्या मनात आले नाही. हे अधिक भयंकर नाही काय?

कारण पदक हातून मिळत नाही, लेखणीतून मिळते. अधिकाऱ्याने पाहिले पाहिजे, अधिकाऱ्याने लिहिले पाहिजे, त्याच्यावरच्या अधिकाऱ्याने सही केली पाहिजे. क्रॉससाठी साक्षीपुरावे लागतात. मासेकोच्या कृत्याचे साक्षीदार कोण? तारेआडचे त्याचे काळे सोबती. त्यांच्या साक्षीचे वजन त्या सैन्यात किती होते हे वेगळे सांगायला नको. माझ्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझे वडील सही करू शकत, पण अर्ज दुसऱ्याकडून लिहून घेत. आपण कोण आहोत हे सांगणारा प्रत्येक कागद, जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात असे. त्यामुळे 'शिफारशीचा कागद दाखवा' या वाक्यातला निरागसपणा मला शिवत नाही.

आणि क्लॉपरचे काय झाले? चौकशी झाली, बराचसा दोष त्याच्यावरून उतरवण्यात आला. पुढे १९५६ मध्ये तो देशाच्या सैन्याचा सर्वोच्च अधिकारी झाला. मासेको १९५२ मध्ये रेल्वेगाडीखाली सापडून मेला. त्याच्या अंत्यविधीचा खर्च उसन्या पैशांतून झाला. ज्याने टोब्रुक शत्रूच्या हवाली केले तो सेनापती झाला आणि टोब्रुक पडल्यावरही ज्याने युद्ध चालू ठेवले त्याला मातीसाठी उसने आणावे लागले. मला क्लॉपरविषयी आकस नाही. तीस-बत्तीस हजार माणसे मरू न देण्याचा निर्णय भ्याडपणाचा होता असे मी खुर्चीत बसून म्हणणार नाही. मला दिसते ते इतकेच की एका रंगाच्या माणसाला पराभवातून सावरायला अवकाश होता. दुसऱ्या रंगाच्या माणसाला पराक्रमातूनही वर यायला नव्हता.

आणखी एक तुलना करतो, तीही टोब्रुकचीच. जेरार्ड नॉर्टन हा गोरा सार्जंट टोब्रुक पडल्यावर निसटला आणि वाळवंट तुडवत आपल्या सैन्याला येऊन मिळाला. त्यालाही मिळाले मिलिटरी मेडल. येथवर नॉर्टन आणि मासेको एका ओळीत उभे आहेत. पण नॉर्टनपुढे जिना होता. तो अधिकारी झाला, इटलीत गेला, आणि ३१ ऑगस्ट १९४४ रोजी माँटे ग्रिदोल्फो येथे शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यांवर एकट्याने चालून गेला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो त्याचा हक्काचा होता. मासेकोला इटलीत पलटणीचे नेतृत्व दिले असते तर त्याने काय केले असते? हा प्रश्न इतिहासाच्या कक्षेत येत नाही असे इतिहासकार म्हणतील. शोषितांचा निम्मा इतिहास अशाच प्रश्नांत आहे, त्याला कोण काय करणार!

निःशस्त्र माणसाच्या शौर्याचे मोल कसे करायचे, हा या पदकवाङ्मयाला न सुटलेला प्रश्न आहे. लुकास मजोझी हा स्ट्रेचर वाहणारा होता. २३ ऑक्टोबर १९४२ च्या रात्री अल अलामिनला जे युद्ध पेटले त्यात तो गोऱ्या तुकडीबरोबर पुढे होता. तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी तो स्वतः जखमी झाला. मागे जा असे त्याला सांगितले गेले. तो गेला नाही. जोडीदार पडल्यावर त्याने जखमींना एकट्याने पाठीवर घेऊन आणले, पहाटेपर्यंत. त्याला डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल मिळाले. त्या महायुद्धात काळ्या दक्षिण आफ्रिकी माणसाला मिळालेला हा सर्वांत मोठा लष्करी सन्मान. म्हणजे ७७ हजार माणसांच्या शौर्याची टोकाची पायरी ही. जनरल डॅन पिनार याने त्याची तोंड भरून स्तुती केली. पण ज्या गोऱ्या सैनिकांना मजोझीने पाठीवर वाहून आणले ते युद्धानंतर ज्या बाकावर बसणार होते, त्या बाकावर बसण्याचा अधिकार पदकाने मजोझीला दिला नाही. मारणाऱ्याला बंदूक आणि मोठे पदक. वाचवणाऱ्याला रिकामे हात आणि त्याखालचे. बंदूक नाकारणारे सैन्य नंतर विचारते, तुम्ही शत्रूची किती माणसे मारली?

लुईसने मजोझीचेही चित्र काढले. ही दोन्ही चित्रे जोहान्सबर्गच्या लष्करी संग्रहालयात आहेत. मी ती छापील स्वरूपातच पाहिली आहेत. पण या चित्रकाराविषयी एक चांगला शब्द लिहिला पाहिजे. तो जनरलांची चित्रे काढत होता आणि स्ट्रेचरवाल्याचेही. कॅनव्हासला हुद्दा नसतो. सैन्याच्या यंत्रणेने जे केले नाही ते एका सरकारी चित्रकाराने, कदाचित नकळत, केले.

याहून जुनी आणि याहून मोठी गोष्ट मेंडीची. पहिल्या महायुद्धात काळ्यांच्या नेत्यांनी इंग्रजांना साहाय्य देऊ केले होते. डॉ. वॉल्टर रुबुसाना यांनी १९१४ मध्ये पाच हजार माणसे उभी करतो असे कळवले. उत्तर आले की हे युद्ध गोऱ्या लोकांमधले आहे. दोन वर्षांनी मात्र हमालीसाठी माणसे कमी पडली तेव्हा रंग आठवला नाही. 'साउथ आफ्रिकन नेटिव्ह लेबर कंटिंजंट' या नावाने सुमारे २१ हजार माणसे फ्रान्समध्ये नेण्यात आली आणि हिऱ्यांच्या खाणीवर मजुरांना ठेवतात तशी कुंपणात कोंडून ठेवण्यात आली, फ्रेंच लोकांशी मिसळू नयेत म्हणून. २१ फेब्रुवारी १९१७ च्या पहाटे, दाट धुक्यात, इंग्लंडच्या दक्षिणेस मेंडी या जहाजाला डॅरो नावाचे मोठे जहाज येऊन धडकले. ६०७ काळे सैनिक बुडाले. त्यांच्याबरोबर त्यांचे नऊ गोरे लष्करी सोबती आणि मेंडीचे ३० खलाशी. डॅरो जवळच उभे राहिले आणि मदतीला गेले नाही. कप्तानाचा परवाना एक वर्षासाठी रद्द झाला. एक वर्ष!

युद्ध संपल्यावर ब्रिटिश वॉर मेडल काढण्यात आले. सैनिकांना चांदीचे, मजूर तुकड्यांना, त्यांत भारतीय, चिनी, माल्टाचे मजूर आले, ब्राँझचे. पण दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने आपल्या काळ्या मजूर-सैनिकांना ब्राँझचेही द्यायचे नाही असे ठरवले. त्याच दलातील बासुटोलँड, बेचुआनालँड, स्वाझीलँड या ब्रिटिश संरक्षित प्रदेशांतून आलेल्या माणसांना ते मिळाले. गोऱ्या अधिकाऱ्यांना चांदीचे मिळाले. मधल्या माणसांची छाती कोरी राहिली. येथे उतरंडीचे तळाचे मडकेदेखील काढून घेतलेले आहे.

परंतु मेंडीच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडली. सरकारने ज्यांचे सन्मानपत्र लिहिले नाही त्यांचे लोकांनी रचले. रेव्हरंड आयझॅक वोचोप द्योबा यांनी बुडत्या जहाजाच्या डेकवर माणसांना गोळा केले, खोसा, झुलू, सोथो सगळे भाऊ आहेत असे सांगितले, आणि अनवाणी पायांनी ते सगळे मरणनृत्य करीत समुद्रात गेले, अशी कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समकालीन कागदांत ती नाही म्हणून काही अभ्यासक तिला दंतकथा म्हणतात. म्हणोत. पदककोशातील प्रत्येक सन्मानपत्र म्हणजे अखेर एका अधिकाऱ्याने दुसऱ्याला सांगितलेली गोष्टच असते; तिला राजपत्रात जागा मिळते एवढाच फरक. द्योबांच्या कथेला राजपत्र मिळाले नाही, ओठ मिळाले. म्खायी या खोसा कवीने मेंडीवर कविता लिहिली, काळ्या वस्त्यांत मेंडी दिन पाळला जाऊ लागला. आणि २००३ मध्ये, मुक्त झालेल्या दक्षिण आफ्रिकेने शौर्यासाठी आपला राष्ट्रीय सन्मान सुरू केला तेव्हा त्याला नाव दिले 'ऑर्डर ऑफ मेंडी'. ज्यांना ब्राँझचा तुकडा नाकारला त्यांच्या नावानेच पदक!

आतापर्यंतचे वाचून एखाद्याला वाटेल की मी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शौर्यावर शाई ओतायला बसलो आहे. तसे नाही. एडॉल्फ मलान, ज्याला सगळे 'सेलर' मलान म्हणत, तो ब्रिटनच्या आकाशातील लढाईतला अव्वल वैमानिक. डी.एस.ओ. दोनदा, डी.एफ.सी. दोनदा. घरी परतल्यावर १९५१ मध्ये मिश्रवंशीय मतदारांचा हक्क काढून घेण्याचा कायदा आला तेव्हा या माणसाने माजी सैनिकांना घेऊन 'टॉर्च कमांडो' उभे केले. पेटत्या मशाली घेऊन हजारो लोक रस्त्यावर आले. हिटलरशी लढलो ते हेच घरात पाहण्यासाठी काय, असा त्यांचा सवाल होता. पदकाचा याहून चांगला उपयोग मी पाहिलेला नाही. पण मिश्रवंशीय माजी सैनिकांनी जेव्हा या संघटनेचे सभासदत्व मागितले तेव्हा नेते अडखळले. ज्यांच्या हक्कासाठी मशाली, त्यांच्याच हातात मशाल द्यायची की नाही याची चर्चा सुरू झाली. काही वर्षांत चळवळ विझली आणि १९५६ मध्ये ते मतदार यादीतून गेलेच. आपल्याकडच्या सुधारकांचा इतिहास ज्यांनी वाचला आहे त्यांना हा अडखळण्याचा क्षण ओळखीचा वाटेल. मलानचा मी आदर करतो. तो जेथे थांबला ती जागाही मी खूण करून ठेवतो.

दुसरे नाव एडविन स्वेल्सचे. दक्षिण आफ्रिकी विमानदलाचा कॅप्टन. फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीवरच्या हल्ल्यात आपले जखमी विमान सहकारी उड्या मारून सुटेपर्यंत त्याने तोलून धरले आणि स्वतः मेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. दरबानमधील एका मोठ्या रस्त्याला त्याचे नाव होते. २००८ च्या सुमारास ते बदलून सॉलोमन महलांगूचे देण्यात आले. महलांगू हा मुक्तिसेनेचा तरुण. त्याला ६ एप्रिल १९७९ रोजी फाशी दिले गेले. फॅसिझमशी लढून मेलेल्याचे नाव पुसले म्हणून बरीच ओरड झाली. नामांतर या शब्दाची किंमत मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायला नको. १९७८ ते १९९४ ही सोळा वर्षे आपण ती मोजली आहे. तरीही प्रामाणिकपणे सांगतो, स्वेल्सचे नाव जाताना मला वाईट वाटले. आपल्या नामांतरात कोणा शूराचे नाव पुसायचे नव्हते. पण वाईट वाटणे आणि विरोध करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. स्वेल्सला शिळा होत्या, पुस्तके होती, कोशात पान होते. महलांगूला त्या व्यवस्थेने दिला होता तो दोर.

मासेकोला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळावा अशी मोहीम २०२१ मध्ये झाली. ती योग्य की अयोग्य यावर माझे मन बराच काळ दोन्हीकडे झुकत राहिले. साम्राज्य गेले, त्याचे पदक आता कशाला मागायचे, असे एक मन म्हणते. आणि लगेच आठवते की आपल्या चळवळीतील पहिले राजकीय लेखन म्हणजे असेच मागणे होते. १८९० च्या दशकात महारांची सैन्यभरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, ते स्वतः पेन्शनीत निघालेले सैनिक. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये लिहिला. आम्ही तुमच्यासाठी लढलो, आता आम्हाला माणूस म्हणून वागवा, हाच त्यांचा युक्तिवाद. रुबुसानांच्या पत्रातला आणि यांतला सूर एकच. 'लढाऊ जमातीं'ची यादी करून ज्यांना बाहेर ठेवले त्यांचे शौर्य दिसणार कोठून? यशवंत घाडगे, नामदेव जाधव यांना दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कारण मराठा पलटणीत त्यांच्या हाती बंदूक होती. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ च्या ऑक्टोबरात.

बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी कोरेगावच्या स्तंभापाशी गेले. तो स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयासाठी उभारला होता. बाबासाहेबांनी त्यावर इंग्रजांचा विजय वाचला नाही. त्यावर कोरलेली नावे वाचली. मेलेल्यांची नावे तेथे हुद्द्याच्या उतरंडीत असली तरी दगडात होती, आणि त्या दगडातून त्यांनी एका समाजाला त्याचे आत्मभान परत दिले. मग मासेकोच्या क्रॉसला मी कोणत्या तोंडाने विरोध करू? ज्याच्याजवळ पदक आहे त्यालाच ते परत करता येते. गांधीजींनी १ ऑगस्ट १९२० रोजी आपली पदके सरकारला परत केली. त्यांत बोअर युद्धातील रुग्णवाहक पथकाचेही होते. ते पथकाच्या पुढाऱ्यांना मिळाले होते. त्या पथकात डोल्या वाहणारे शेकडो गिरमिटिये मजूर होते. त्यांना परत करायला काय होते?

म्हणून माझे मत असे : मासेकोच्या वारसांना क्रॉस मागायचा असेल तर मागू द्यावा, आणि मिळाला तर त्याचे काय करायचे तेही त्यांनाच ठरवू द्यावे. ते संग्रहालयात ठेवोत, नाहीतर परत करोत. व्हिन्सेंट मोलोई या दिग्दर्शकाने २००७ मध्ये मासेकोवर माहितीपट काढला, त्याचे नाव 'अ पेअर ऑफ बूट्स अँड अ बायसिकल'. युद्धानंतर गोऱ्या सैनिकांना जमिनी आणि घरे मिळाली, काळ्यांना बुटांचा एक जोड आणि एक सायकल, असे तिकडच्या वस्त्यांत म्हातारे सांगत आले आहेत. हे नाव निवडताना दिग्दर्शकाने पदकाला बाजूला सारले हे मला अचूक वाटते. पदक हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे, जमीन हा जगण्याचा. १९१३ च्या भूमी कायद्याने ज्यांना देशाच्या जेमतेम सात टक्के जमिनीवर ढकलले होते, त्यांच्या मुलांनी टोब्रुकचे खंदक खणले. पदककोशात हा कायदा कोठेही येत नाही. येणार कसा? तेथे फक्त छाती मोजली जाते, पाय कोणत्या जमिनीवर उभे आहेत ते नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केपटाउनच्या जुन्या कंपनी बागेत एक स्मारक उघडण्यात आले. पहिल्या महायुद्धात आफ्रिकेच्याच भूमीवर ओझी वाहताना मेलेल्या, आणि कबर नसलेल्या १,७०० हून अधिक काळ्या मजूर-सैनिकांचे. आफ्रिकी लाकडाचे खांब उभे केले आहेत, माणसामागे एक, आणि त्यावर त्याचे नाव व मृत्यूची तारीख. शंभराहून अधिक वर्षांनी. स्प्रिंग्जजवळच्या क्वाथेमा वस्तीत मासेकोच्या नावाची एक प्राथमिक शाळाही आहे. ज्याने तो प्रश्न विचारला होता तो माझा विद्यार्थी दरम्यान पदवी घेऊन गेला. त्याला दिलेले उत्तर दुरुस्त करायचे राहून गेले होते. हा अंक त्याच्या पत्त्यावर पाठवतो आहे.